बंद गाडी जागीच असते!

बंद करून, कुलूप लावून ठेवलेली गाडी बंद नसते! गेले काही दिवस मी हे भेटेल त्याला सांगत सुटलोय. लिफ्टमध्ये, दळणाच्या रांगेत, परवा एका मुंजीच्या पंगतीतसुद्धा. आणि हायब्रिड गाडीची गोष्ट तर याहून भन्नाट आहे. जिच्या पोटात पावणेदोनशे-दोनशे व्होल्टची बॅटरी आहे, ती गाडी बारा व्होल्टच्या एका साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवाचून डोळासुद्धा उघडू शकत नाही. ही छोटी बॅटरी उतरली की मोठी काठोकाठ भरलेली असली तरी उपयोग शून्य. आणि गाडी नुसती उभी असताना ही छोटीच उतरत असते, थेंब थेंब, रात्रंदिवस!

निमित्त अगदी घरगुती. आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला चाललोय. तिचं पहिलंच बाळंतपण, म्हणजे मुक्काम लांबणार हे उघड आहे. अशा वेळी घराची यादी सगळ्यांना पाठ असते. गॅसचा कॉक, पाण्याचा मेन, पेपरवाला, दूधवाला, तुळशीला पाणी कोण घालणार. आमच्या हायब्रिड गाडीपुढे या यादीत फक्त 'कव्हर' एवढंच लिहिलेलं होतं. कव्हरचं माप बघायला म्हणून ग्लव्ह बॉक्समधली जाडजूड पुस्तिका काढली, पानं उलटता उलटता 'गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर' या मजकुरावर नजर थांबली, आणि चहा गार झाला तरी मी वाचतच होतो.

आधी ती दोन बॅटऱ्यांची जोडी समजून घ्या, कारण खरी गंमत तिथे आहे. हायब्रिडमधली मोठी बॅटरी चाकं फिरवणाऱ्या मोटरसाठी. आपल्याकडे २०२२ साली आलेल्या हायरायडर आणि ग्रँड विटारा या जुळ्या बहिणींच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ती लिथियम-आयनची आहे, १७७.६ व्होल्टची. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडच्या १६८ सेलची माळ असायची, प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे एकूण २०१.६ व्होल्ट. आणि या मोठ्या बॅटरीशेजारी, त्याच गाडीत, आपली नेहमीची बारा व्होल्टची. दिवे, हॉर्न, कुलूप, काचा, म्युझिक आणि गाडीतले सगळे संगणक हिच्यावर.

आता एक हिशेब करून बघा. मी केला आणि खुर्चीतून उठलोच. हायरायडरची मोठी बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत साधारण पाऊण युनिट. आणि बारा व्होल्टची, ४५ अँपिअर-तासाची साधी बॅटरी? बारा गुणिले पंचेचाळीस, ५४० वॅट-तास. अर्ध्या युनिटाहून जास्त! म्हणजे जिला आपण 'मोठी' म्हणतो आणि जिला 'छोटी' म्हणतो, त्यांच्या साठ्यात जमीन-अस्मानाचा फरक नाहीच. फरक आहे तो जोरात. मोठी आपला साठा क्षणात, प्रचंड दाबानं बाहेर फेकू शकते आणि ब्रेक मारला की तितक्याच झपाट्यानं परत घेऊ शकते. छोटीचं काम शांतपणे पुरवत राहण्याचं. हे कळल्यापासून मी त्या काळ्या ठोकळ्याकडे वेगळ्याच आदरानं बघतो.

मग मोठी भरलेली असताना गाडी सुरू का होत नाही? कारण गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीचे दोन्ही ध्रुव रिलेंनी, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या स्विचांनी, तोडून टाकलेले असतात. हे सुरक्षेसाठी. अपघात झाला, गॅरेजमध्ये कुणी हात घातला, पाणी शिरलं, तरी त्या नारिंगी जाड केबलींमध्ये दोनशे व्होल्ट उभे राहू नयेत म्हणून. ते रिले मिटायचे तर त्यांच्या चुंबकाला वीज हवी, ती बारा व्होल्टची. रिलेंना हुकूम देणारा संगणक जागा व्हायला हवा, तोही बारा व्होल्टवर. जुन्या वाड्याच्या भल्याथोरल्या दरवाजात एक लहान दिंडी दरवाजा असतो ना, तसंच आहे हे. दिंडीतून वाकून आत गेलेल्या माणसानंच आतून अडसर काढायचा, तेव्हा मोठा दरवाजा उघडणार. दिंडीच उघडली नाही तर बाहेर हत्ती आणून उभा केला तरी काय उपयोग?

आणि अडसर काढण्याची पद्धत किती नजाकतीची! मोटरला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये मोठाले कपॅसिटर असतात, रिकामे. त्यांच्यावर एकदम दोनशे व्होल्ट सोडले तर ठिणगीनं रिलेचे पॉइंट चिकटून जातील. म्हणून आधी एक लहान रिले मिटतो, वाटेत एक रेझिस्टर ठेवलेला असतो, त्यातून वीज हळूहळू झिरपत कपॅसिटर भरतात, आणि मग मुख्य रिले मिटतो. सगळं क्षणाभरात. बटण दाबल्यावर कुठूनतरी मागून 'टक्... टक्' असा आवाज येतो ना, तो हाच. इतके दिवस तो आवाज रोज कानावर पडत होता. आता मी म्युझिक बंद ठेवून तो मुद्दाम ऐकतो.

या छोट्या बॅटरीचा इतिहास शोधला तर तोही एकदम सरळ रेषेत लागला. शिसे-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेनं १८५९ मध्ये बनवली. मोटारगाडीत तिला खरं वजन आलं ते १९१२ साली, चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ कॅडिलॅकमध्ये बसला तेव्हा. त्याआधी हँडल मारून इंजिन फिरवायचं. सेल्फ आला आणि बॅटरीच्या माथी गाडीतलं सगळ्यात जड काम पडलं: काही सेकंदांत शेकडो अँपिअर ओतून थंडगार इंजिन फिरवणं. मग डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस आली आणि तिनं ते काम काढूनच घेतलं! कारण स्ट्राँग हायब्रिडमध्ये वेगळा सेल्फ नसतो. इंजिनला जोडलेली मोटर-जनरेटर मोठ्या बॅटरीवर चालते आणि इंजिनाला अलगद गरकन फिरवते. म्हणून तर तो 'खर्रर्र' आवाज येत नाही. अल्टरनेटरही नाही. त्याच्या जागी डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाची एक पेटी, जी मोठ्या बॅटरीची वीज चौदा व्होल्टांच्या आसपास उतरवून छोटीला पाजत राहते.

म्हणजे छोटीचा भार हलका झाला. म्हणूनच तिला लहान ठेवणं परवडतं. पण उभ्या गाडीत तिच्यावर जगणारे मात्र वाढले आहेत. चावी जवळ आली का हे सतत हुंगत बसणारी स्मार्ट कीची यंत्रणा. चोरांसाठीचा अलार्म. सिमकार्ड असलेली ती पेटी, जी मोबाइलवर 'तुमची गाडी अमुक ठिकाणी आहे' असं सांगते. घड्याळ. निरनिराळ्या संगणकांची स्मरणशक्ती. प्रत्येकाचा घोट अगदी चिमुकला. समजा सगळे मिळून ३० मिलिअँपिअर. त्यात फार तर एखादा लहानसा एलईडी पेटेल म्हणा! पण ०.०३ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. महिन्याला जवळजवळ २२. आणि बॅटरी ४५ ची! महिन्याभरात अर्धी फस्त, दोन महिन्यांत खडखडाट. त्यात शिसे-आम्लाची बॅटरी काहीही न जोडता आपली आपण थोडी झिजते, आणि उन्हाळ्यात ही झीज जास्त. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी असेल तर या दोन महिन्यांचाही भरवसा धरू नका. वर कुणी पार्किंग मोडवाला डॅशकॅम बसवला असेल तर महिन्यांची भाषाच सोडा, तो काही दिवसांतच बॅटरी साफ करतो. (शेजारचे काका फास्टॅगवर संशय घेत होते. फास्टॅग बिचारा निर्दोष आहे, त्यात बॅटरीही नसते आणि तो गाडीची वीजही घेत नाही. टोल नाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो बोलतो.)

बरं, बॅटरी उतरली तर उतरली, परत भरू, असंही नाही. शिसे-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात, ते कडक होतात आणि पुन्हा विरघळायला तयार होत नाहीत. अशी दोन-चारदा तळ गाठलेली बॅटरी मग भरली तरी तेवढी भरत नाही.

आणि आपल्याकडचा रामबाण? धक्का! सोसायटीत गाडी सुरू होत नाही म्हटलं की वॉचमनदादा, दोन ड्रायव्हर आणि एखादा उत्साही कॉलेजकुमार लगेच बाह्या सरसावतात. हायब्रिडला धक्का चालत नाही. संगणक झोपलेला, रिले उघडे. चाकं कितीही फिरवा, इंजिनापर्यंत काही पोचणार नाही. त्यात कित्येक गाड्यांचा पार्किंग ब्रेक बटणाचा, इलेक्ट्रिक. काहींचा गिअरही तारेनं चालणारा. बारा व्होल्ट नाहीत म्हणजे गाडी 'पी' मधून हलणार नाही, ब्रेक सुटणार नाही. ढकलता ढकलवत नाही! ज्या गाड्यांत ही छोटी बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेच्या बटणानं उघडते, तिथे तर बॅटरीपर्यंत जायचं दारच बॅटरीवर चालतं. म्हणून त्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात एक खास टर्मिनल दिलंय, तिथून बाहेरची वीज द्यायची. ज्यानं कुणी हा विचार करून ठेवला, त्याला माझा मनापासून नमस्कार!

वाचून भागेना. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली असताना थांबायचं कशाला? जाऊन एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये बॉनेट वर, मीटर वीस व्होल्टच्या डीसी खुणेवर, लाल टोक प्लसवर, काळं मायनसवर. आमच्या गाडीत छोटी बॅटरी सुदैवानं बॉनेटखालीच आहे. दारं लावून गाडी बराच वेळ निवांत ठेवली होती, कारण आकडा खरा हवा असेल तर बॅटरी शांत झालेली हवी. १२.४१. पूर्ण भरलेली असती तर १२.६ ते १२.७ दिसले असते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की धोक्याची घंटा. अर्ध्या-पाऊण व्होल्टात बॅटरीचं अख्खं आयुष्य मावतं!

आणि मग ते घडलं. बायको जिन्यातून खाली आली. चावी तिच्या पर्समध्ये. ती अजून दारापाशी नुसती पोचत होती, हात लावला नव्हता. मीटरचा आकडा हलला. १२.३८. तिनं दाराच्या मुठीला हात लावला, आरसे उलगडले, कुलूप उघडलं, आतला दिवा लागला: १२.२९, १२.२५. गाडी जागी होताना मी आकड्यांत पाहिली! एकेक संगणक उठतोय, अंग झाडतोय, आणि त्याचा भार त्या ठोकळ्यावर पडतोय.

"ब्रेक दाबून बटण दाब," मी म्हटलं.

"दाबलं. अहो, सुरू कुठे झाली? आवाजच नाही."

"अगं, आवाज येणारच नाही! हिरवं 'रेडी' लागलंय का बघ."

"लागलंय."

तोवर मीटरवर १४.१ लागले होते. इंजिन बंदच. धूर नाही, थरथर नाही, काही नाही. पण डिकीखालची मोठी बॅटरी कन्व्हर्टरमधून छोटीला भरवायला लागली होती. मी तिला हाका मारून मारून पुढे बोलावलं, आकडा दाखवला. तीही वाकून बघत राहिली. "म्हणजे मोठी आता हिचं देणं फेडतेय," ती म्हणाली. इतकं अचूक मला पुस्तिकेतही सापडलं नव्हतं. थोड्या वेळानं इंजिन आपण होऊन सुरू झालं, कारण मोठी जरा खाली उतरली होती. तिला भरून ते परत आपण होऊन थांबलं. म्हणून हे करताना बॉनेटमध्ये हात, ओढणी, स्कार्फ काही जाऊ द्यायचं नाही. गाडी गप्प आहे म्हणजे इंजिन सुरू होणार नाही असं नाही.

यात एक बारकावा असा आहे की तो मोठ्यानं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं तरी डॅशबोर्ड उजळतो, गाणी लागतात, सगळं चालू वाटतं. पण तेव्हा रिले मिटलेले नसतात. मोठी बॅटरी अजून तोडलेलीच असते, आणि छोटी एकटीच हा सगळा झगमगाट पोसत असते. म्हणजे 'जरा बॅटरी चार्ज करतो' म्हणून कुणी ब्रेक न दाबता गाडी तासभर चालू ठेवली तर तो तिला भरत नाही, रिकामी करतो! 'रेडी' हा हिरवा शब्द दिसला तरच वीज उलट दिशेनं वाहतेय असं समजा. गिअर 'पी' मध्येच हवा. 'एन' मध्ये ठेवलं तर मोठी बॅटरी भरली जात नाही.

किती वेळ? २०२० च्या टाळेबंदीत, जगभर गाड्या जागच्या जागी थिजल्या होत्या तेव्हा, टोयोटाच्या ब्रिटनमधल्या मंडळींनी आपल्या हायब्रिड ग्राहकांना सांगितलं होतं: आठवड्यातून किमान एकदा, साधारण तासभर गाडी रेडीमध्ये ठेवा. दहा मिनिटांत काही होत नाही, कारण ही बॅटरी घाईनं भरत नाही. शेवटचा हिस्सा तर ती फारच सावकाश घेते. एसी बंद, दिवे बंद, म्हणजे सगळी वीज तिच्याच वाट्याला. आणि हे फक्त मोकळ्या हवेत. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा शटर लावलेल्या गॅरेजमध्ये मुळीच नाही. मध्येच इंजिन सुरू होतं आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. गाडी रेडीत ठेवून वर जेवायला जाणं हाही वेडेपणा आहे, कारण तिच्या शांतपणामुळे ती चालू आहे हेच कुणाला कळत नाही.

माझं मत विचाराल तर तासभर रेडीत ठेवण्यापेक्षा एक चक्कर मारून आणणं शंभर पटींनी बरं. टायर एका जागी दबून राहत नाहीत, ब्रेकच्या चकत्यांवरचा गंज घासून निघतो, आणि मोठ्या बॅटरीलाही हालचाल मिळते. तिचीही काळजी घ्यावी लागते हे विसरून चालणार नाही. ती तोडलेली असली तरी हळूहळू उतरतेच. निकेलवाली जरा भरभर, लिथियमवाली सावकाश. टोयोटाच्या पुस्तिका सांगतात की काही महिन्यांतून एकदा तरी निदान अर्धा तास किंवा १६ किलोमीटर गाडी चालवा. छोटी उतरली तर कुणाचीही बॅटरी जोडून काम भागतं. मोठी पूर्ण उतरली तर थेट सर्व्हिस सेंटर, दुसरा इलाज नाही.

पण चक्कर मारायला माणूसच नसेल तर? इथे मला सापडलेली सगळ्यात सुंदर वस्तू येते: बॅटरी मेंटेनर. हातात मावेल एवढी पेटी, एका टोकाला घरातला प्लग, दुसऱ्या टोकाला लाल-काळे चिमटे. पूर्वीचे ट्रिकल चार्जर आंधळेपणानं वीज ढकलत राहायचे आणि महिनाभरात बॅटरीचं पाणी आटवून टाकायचे. हा मात्र बॅटरीची नाडी बघतो. आधी भरतो, भरली की साडेतेरा व्होल्टांच्या आसपास येऊन नुसता सोबत करत बसतो. गाडीनं ३० मिलिअँपिअर घेतले की हा तेवढेच परत टाकतो. महिनोन्महिने! एक बघायचं: हायब्रिडमधली छोटी बॅटरी बऱ्याचदा एजीएम प्रकारची असते, तेव्हा मेंटेनरवर एजीएमची सोय हवी. गॅरेजमधले ते जुने, घुं घुं करणारे लोखंडी चार्जर हिला लावू नका. आणि सोसायटीत असाल तर पार्किंगमधल्या पॉइंटसाठी कमिटीला अर्ज. वीस मीटरची उघडी वायर टाकून मोकळं होऊ नका, उंदीर आहेतच.

सोलर पॅनलचाही मोह झाला होता. गाडी उघड्यावर असेल तर पाच-दहा वॅटचं पॅनल आणि त्याचा कंट्रोलर खरंच पुरतो. पण ते सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचून भागेल असं समजू नका, कित्येक गाड्यांत गाडी बंद झाली की ते सॉकेटही तुटतं. पॅनल बिचारं दिवसभर ऊन खातं आणि बॅटरीला थेंब मिळत नाही.

यातलं काहीच जमणार नसेल तर शेवटचा, फुकटचा उपाय: दहाचा पाना घ्यायचा, मायनसचं टर्मिनल सैल करायचं, काढायचं, कापडात गुंडाळून बाजूला ठेवायचं. पिणारेच गेले. उरते ती बॅटरीची स्वतःची झीज. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागतं, रेडिओची स्टेशनं गेलेली असतात, काचांचा एका झटक्यात वर जाण्याचा गुण पुन्हा शिकवावा लागतो. अलार्म मधल्या काळात बंद असतो. बॅटरी डिकीत असेल तर आधी पुस्तिका वाचून, परत आत कसं शिरायचं ते पक्कं करूनच पाना हातात घ्या.

स्मार्ट कीचंही बघा. गाडीच्या नाकासमोरच्या भिंतीपलीकडे, खुंटीला चावी अडकवली असेल तर त्या दोघी रात्रभर एकमेकींशी बोलत राहतात. चावी लांब ठेवा. टोयोटाच्या कित्येक चाव्यांत तर गंमत आहे: लॉकचं बटण दाबून धरायचं, अनलॉकचं दोनदा दाबायचं, चावीवरचा दिवा चारदा लुकलुकतो आणि चावी झोपी जाते. गाडीलाही तेवढं शहाणपण दिलेलं आहे. चौदा दिवस कुणी फिरकलंच नाही तर अशा गाड्या बाकीच्या दारांवरचं लक्ष काढून घेतात आणि फक्त ड्रायव्हरच्या दाराकडे कान देऊन बसतात. वीज वाचवण्यासाठी! हे वाचलं तेव्हा मी पुस्तिका घेऊन स्वयंपाकघरातच गेलो, वाचून दाखवायला.

तर आमचं असं ठरलंय. मेंटेनर लागला, सेक्रेटरींनी पॉइंटला परवानगी दिली. भाचा महिन्यातून एका रविवारी येणार, चिमटे काढणार, सिंहगड रस्त्यानं खडकवासल्यापर्यंत जाऊन येणार, परत चिमटे लावणार. आधी प्लग काढायचा, मग चिमटे, लावताना उलट. त्याला हे सगळं समोर उभं राहून करायला लावलं. चावीच्या पोटातली लोखंडी किल्ली कशी सरकवून काढायची, ड्रायव्हरच्या दाराचं किल्लीचं भोक कुठे लपलंय, हेही दाखवलं. बॅटरी बसलीच तर बाहेरच्या बॅटरीची लाल वायर प्लसला, काळी इंजिनाजवळच्या उघड्या लोखंडी बोल्टला, आणि नारिंगी केबलीच्या वाटेला जायचं नाही. सेल्फ फिरवायचा नसल्यामुळे हायब्रिडला जागं करायला वीज फार थोडी लागते, खिशात मावणारा जंप स्टार्टरसुद्धा पुरतो. "मामा, एवढं तर मी माझ्या बुलेटचंही करत नाही," भाचा म्हणाला. पण त्यानं मल्टिमीटर मागून घेतला, आणि संध्याकाळी त्याच्या बुलेटच्या बॅटरीचा फोटो मला आलाय, ११.९ वर!

माझं आता एकच राहिलंय. डीसी मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर, जो वायरीला नुसता कवेत घेतो, काहीही न तोडता. कारण असं वाचलंय की कुलूप लावल्यावरही गाडी लगेच झोपत नाही. आधी काही अँपिअर चालू असतात, मग एकेक संगणक आपापलं आवरून मिटतो आणि आकडा पायरी पायरीनं खाली येतो, थेट त्या मिलिअँपिअरांपर्यंत. त्या पायऱ्या मला बघायच्यात. शनिवारी तपकीर गल्ली उघडी असते, विमान त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे. शेजारचे काका म्हणालेत, मीपण येतो.